बेंचवरून कोचच्या खुर्चीपर्यंत

पंधरा वर्षं मी बास्केटबॉलवर पोट भरलं, सहा संघांच्या जर्सी घातल्या आणि त्यांतल्या एकाही संघाच्या पोस्टरवर माझा फोटो नव्हता. बहुतेक सामने मी बेंचवरून पाहिले. बॉल खेळवणाऱ्या मुख्य गार्डला तिसरा फाउल लागला की मला हाक यायची. तो जरा दम खाऊन उठला की मी परत खांद्यावर टॉवेल टाकून बसायचो. अमेरिकेत अशा फिरत्या खेळाडूला जर्नीमन म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्दच नाही. "तो नागपूरचा गार्ड रे, यंदा कुणाकडे आहे?" एवढ्यावर त्याची ओळख भागते.

आता मी कोच आहे. उन्हाळी शिबिर संपलं की दरवर्षी एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बाटली भरायच्या निमित्ताने मागे घुटमळतो. त्याला काय विचारायचं असतं ते मला ठाऊक असतं: स्टार नसताना या खेळावर जगता येईल का, आणि पुढे काय? पण त्याचं उत्तर नळावर उभं राहून देण्याइतकं छोटं नाही, म्हणून लिहायला बसलो. हे स्टार होणाऱ्यांसाठी नाही. त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात. हे संघातल्या आठव्या ते बाराव्या खेळाडूसाठी आहे, ज्याला हा खेळ सोडवत नाही आणि घरी पैसेही पाठवायचे आहेत.

आधी पैशाचं बोलू. आपल्या देशात बास्केटबॉलवर जगणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा स्पोर्ट्स कोट्यातला नोकरदार. रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर खातं, राज्याराज्यांची पोलीस दलं, हे आपले खरे क्लब. सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिसात हजेरी, दुपारनंतर पुन्हा कोर्ट. लीग येतात आणि जातात. यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये थाटात सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. पुढे २०२२-२३ मध्ये आयएनबीएल या दुसऱ्या लीगचा सहा शहरांच्या संघांचा पहिला मोसम झाला. लीगमध्ये मिळालं तर जरूर खेळा, पण ते पैसे दिवाळीच्या बोनससारखे धरा. घराचा हप्ता त्यावर लावू नका.

नोकरीतही सगळे सारखे नसतात. कुणी पक्का असतो. कुणी स्टायपेंडवर असतो, म्हणजे हॉस्टेलची खाट, मेसचं जेवण, महिन्याला ठरलेली रक्कम आणि मोसम संपला की "कळवतो". तिसरा प्रकार गेस्टचा. निमंत्रितांच्या स्पर्धेपुरतं बोलावतात, प्रवासखर्च आणि थोडं मानधन देतात, चौथ्या दिवशी तुम्ही परतीच्या गाडीत. मी तिन्ही करून पाहिलं. स्टायपेंडवर दोन मोसम दक्षिणेतल्या एका संघात होतो. दुसऱ्या मोसमात उजवा गुडघा सुजला, लिगामेंट नव्हे, नुसता टेंडन, सिमेंटच्या कोर्टवर दहा वर्षं उड्या मारल्याचं व्याज. एमआरआयचे पैसे कोण देणार यावर तीन आठवडे कुणीच काही बोललं नाही आणि मग मोसमच संपला. चूक माझीही होती. येताना मी बुटांची साइज विचारली होती, वैद्यकीय खर्चाचं विचारलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा आणि मिळेल ते लेखी घ्या. विचारलं म्हणून कुणाला संघाबाहेर काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि कागद सांभाळा. केंद्र सरकारच्या नोकरीत खेळाडूच्या प्रमाणपत्राचे ठरलेले नमुने असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला फॉर्म १, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलात तर फॉर्म २, आंतरविद्यापीठसाठी ३ आणि राष्ट्रीय शालेयसाठी ४. प्रत्येकावर सही करणारा अधिकारी वेगळा. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. आमच्या बरोबरचा एक उत्तम सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, सहा फूट पाच इंच, सही राहिली म्हणून वर्षभर मागे पडला. ज्यांच्या सहीची गरज होती ते पदाधिकारी तोवर पदावरून गेले होते. स्पर्धा संपते त्याच आठवड्यात सही घ्यायची. जिंकल्याच्या आनंदात किंवा हरल्याच्या दुःखात हे काम हमखास राहतं.

आता ट्रायल. माझी तिसरी ट्रायल, रेल्वेतली. पहिल्या दोन ठिकाणी नापास झालो होतो. सकाळी साडेसहाला भिंतीवर चिकटवलेल्या टेपखाली उंची मोजायची रांग. माझी १७८ सेंटिमीटर, लिहिणाऱ्याने मान वर न करता आकडा टाकला. गार्डच्या एका जागेसाठी आम्ही वीस-बावीस जण. आधी लाइन ड्रिल, त्यातच चार-पाच जण उलट्या करून बसले. मग पाच विरुद्ध पाच. ट्रायलमधला सामना ही एक विचित्र गोष्ट असते. कुणी कुणाला ओळखत नाही आणि प्रत्येकाला वीस गुण करून दाखवायचे असतात. त्यामुळे पास कुणी देतच नाही. मला आठ मिनिटांत बॉल तीनदा मिळाला. पण मला गप्प बसून खेळायची सवय नव्हती. नागपुरात शिवाजीनगरच्या ग्राउंडवर आमचे जुने सर टोचून टोचून सांगायचे, "काऊन रे, मूग गिळून बसला काय? डिफेन्सले तोंड लागते, पाय मागून येतात." तर मी बोलत राहिलो. स्क्रीन डावीकडून, स्विच, मी आलो, बेसलाइन बंद, तू कोपऱ्यात जा. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना जर्सीच्या रंगाने हाका मारल्या. दुपारी यादी लागली तेव्हा वीस गुणवाल्यांतला एकही जण त्यात नव्हता. निवड समितीतले एक गृहस्थ नंतर चहाच्या टपरीवर म्हणाले, "गुण करणारे आमच्याकडे आहेत. रात्री नऊ वाजता दमलेल्या टीमला जागं ठेवणारा नव्हता."

हे बोलणंच माझ्या पुढच्या सगळ्या वाटचालीचं भांडवल ठरलं, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

दर दोन वर्षांनी संघ बदलला की खेळ तोच राहतो, भाषा बदलते. दोन उंच खेळाडू फ्री-थ्रो रेषेच्या दोन टोकांना, दोघं कोपऱ्यांत, गार्ड मध्यभागी बॉल घेऊन. या रचनेला जगभर हॉर्न्स म्हणतात. माझ्या विद्यापीठ संघात तिला 'व्ही' म्हणायचे. दक्षिणेतल्या संघात तर्जनी आणि करंगळी वर करून दाखवायचे, नाव काहीच नाही. रेल्वेच्या कॅम्पमध्ये तीच रचना 'चंदिगड' होती, का ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एकाने डिफेंडरची वाट अडवायची, म्हणजे स्क्रीन लावायचा, आणि मग वळून रिंगकडे निघायचं, या पिक-अँड-रोलसाठी एका संघात मूठ वर, दुसऱ्यात अंगठा. पंजाबी फॉरवर्ड मागून ओरडायचा "फड़ लै!", तामिळ सेंटर "विडादे!", आणि दोघांनाही म्हणायचं एकच असायचं, की तुझा माणूस सोडू नकोस. नव्या संघात पहिले पंधरा दिवस मी बॉलमुळे नाही, शब्दांमुळे चुकायचो. म्हणून एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर कोर्टाची आकृती, उजव्या पानावर त्या रचनेची त्या-त्या संघातली नावं, इशारे, आणि ती कुठे फसते ते. सहाव्या संघापर्यंत काही पानांवर एकाच आकृतीला पाच-पाच नावं झाली.

तेव्हा ती वही म्हणजे केवळ माझी सोय होती. पुढे कोचिंगच्या कोर्ससाठी पटियाळ्याला गेलो तेव्हा लक्षात आलं की बरोबरच्या अनेक मोठ्या खेळाडूंकडे तसलं काही नव्हतं. त्यांना कधी गरजच पडली नव्हती. ते एका संघात दहा वर्षं राहिले आणि खेळ त्यांच्या अंगात होता. माझ्या अंगात तेवढा नव्हता, म्हणून तो कागदावर होता.

स्टार नसलेल्या खेळाडूंतून घडलेल्या कोचांची मोठी यादी आहे, त्यातले दोनच सांगतो. स्टीव्ह कर अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये १५ मोसम खेळला, कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे ६ गुण. खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, पण बहुतेक सामन्यांत तो राखीव खेळाडू म्हणूनच आत आला. २०१४ मध्ये त्याने कोच म्हणून गोल्डन स्टेट हा संघ हाती घेतला आणि पहिल्याच मोसमात संघ अजिंक्य झाला. एरिक स्पोल्स्ट्राचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. तो एनबीएत खेळलाच नाही. जर्मनीतल्या हेर्टेन नावाच्या गावातल्या क्लबमध्ये खेळता खेळता तिथल्या मुलांना शिकवायचा. १९९५ मध्ये एनबीएतल्या मायामी संघाच्या व्हिडिओ खोलीत लागला, म्हणजे सामन्यांच्या टेपा कापून जोडण्याचं काम. २००८ मध्ये त्याच संघाचा मुख्य कोच झाला आणि २०१२, २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. आपल्याकडे व्हिडिओ खोल्या नाहीत. मोबाइल आहे, ट्रायपॉड मिळतो, आणि जिल्हा स्पर्धेचा सामना टिपला म्हणून कुणी हटकत नाही.

बेंचवर बसणं म्हणजे बघणं, असं समजू नका. बॉलकडे सगळेच बघतात, प्रेक्षकसुद्धा. मी स्वतःला एक काम लावून घेतलं होतं. प्रत्येक क्वार्टरला एकच माणूस निवडायचा आणि बॉल कुठेही असो, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. दहा मिनिटांत काय काय दिसतं! तो डावीकडे ड्रिबल टाकण्याआधी उजवा खांदा पाडतो. दमला की चड्डीची कड धरून उभा राहतो. फाउल लागला की पुढच्या दोन वेळा मदतीला जात नाही. हे मी मुख्य गार्डला येऊन सांगायचो. सुरुवातीला तो हसायचा. नंतर टाइमआउटला स्वतःच विचारू लागला, "काय रे, काय म्हणतो तुझा माणूस?"

खेळाडू म्हणून माझं एकच शस्त्र होतं, लांबून तीन गुणांचा शॉट. तेही अर्धं गेलं. २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. अर्धा मीटर म्हणजे काय ते ज्याचा गुडघा दुखतो त्याला विचारा. बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत यायला लागला. नागपूरच्या काही ग्राउंडांवर पुढची कित्येक वर्षं दोन्ही रेषा दिसायच्या, नवी पांढरी आणि आत विटलेली जुनी, आणि माझे पाय आपोआप जुनीवर जाऊन थांबायचे. शॉट पुन्हा पायांपासून बांधायला मला दीड वर्ष लागलं. रोज तीनशे शॉट, त्यांतले किती गेले ते वहीत. आज एखाद्या मुलाचा शॉट मोडून नव्याने घडवायची वेळ येते तेव्हा मला त्याचा वैताग आतून माहीत असतो. 'दोन आठवड्यांत येईल' असं खोटं मी त्याला सांगत नाही.

बत्तिसाव्या वर्षी खेळ थांबला. निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही. कॅम्पच्या यादीत नाव नव्हतं आणि सोमवारी पूर्णवेळ टेबलावर बसा असा निरोप आला. ही गोष्ट नव्या मुलांना कुणी सांगत नाही. स्पोर्ट्स कोट्यात नोकरी राहते, खेळ जातो. ज्या टेबलावर इतकी वर्षं फक्त सही करायला गेलो त्याच टेबलावर आता आठ तास बसायचं, आणि शेजारच्या सहकाऱ्याला मनातून वाटत असतं की आता कळेल याला काम म्हणजे काय. त्याचं चुकत नव्हतं. मला फाइल लावता येत नव्हती. खेळत असतानाच ऑफिसचं थोडं काम शिकून ठेवा, खात्यातल्या परीक्षा देऊन ठेवा. आणि पदवी पूर्ण करा, मग ती कुठलीही असो, बाहेरून दिलेली का असेना. पुढे कोचिंगच्या डिप्लोमाला ती लागते.

मी संध्याकाळी आमच्या जुन्या ग्राउंडवर जायला लागलो. सरांनी मुलींची चौदा वर्षांखालची बॅच माझ्या गळ्यात घातली. मला वाटलं, लेअप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन बॉल आत टाकणं, शिकवणं हा काय विषय आहे? धावत गेलो, लेअप टाकून दाखवला, म्हटलं असं करायचं. अठरा मुली, अठरा तऱ्हा. कुणी दोन्ही पायांवर उडतेय, कुणी चार पावलं टाकतेय, एक तर बोर्डाखाली जाऊन थांबली आणि मागे वळून बॉल वर फेकला. मी परत करून दाखवलं, जोरात. परत तेच. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला, "अगं नीट बघ ना मी काय करतोय ते!" त्यावर एक मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "काय बघू, सर?"

मला उत्तर देता येईना. मी पंधरा वर्षं लेअप टाकले होते आणि कुठला पाय आधी पडतो ते मला सांगता येत नव्हतं. घरी जाऊन व्हरांड्यात हळूहळू चालून पाहिलं. उजव्या हाताचा लेअप असेल तर उजवा, मग डावा, डाव्यावर उडी, उजवा गुडघा वर. पहिलं पाऊल लांब, कारण बॉल उचलायचा असतो. दुसरं आखूड, कारण पुढे जाणारा वेग वर न्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी बॉल बाजूला ठेवले, जमिनीवर खडूने दोन पावलं काढली आणि म्हणायला लावलं: "मोठं, छोटं, वर!" ग्राउंडच्या बाहेरचा भेळवाला पण म्हणायला लागला. आठवड्याभरात अठरापैकी तेरा जणींना जमलं.

त्या दिवसापासून वहीला नवा भाग सुरू झाला. मदतीच्या डिफेन्समध्ये एक हात बॉलकडे आणि एक आपल्या माणसाकडे दाखवत उभं राहतात, त्याला आम्ही 'दोन पिस्तुलं' म्हणतो. शूटरकडे धावत जाऊन शेवटी बारीक पावलांत वेग मारायचा असतो, ते 'पळ-तुकतुक-हात'. स्क्रीन म्हणजे 'भिंत', आणि स्क्रीन लावणारी वळून रिंगकडे निघाली की 'भिंत फिरली'. इंग्रजी शब्दही शिकवतो, कारण पुढे राज्याच्या कॅम्पला गेल्या तर अडायला नको. पण आधी त्यांच्या तोंडातला शब्द. दमलेल्या मुलीला सामन्यात जो शब्द आठवतो तोच खरा.

कोच व्हायचं तर औपचारिक शिक्षण घ्याच. मी ऑफिसातून रजा काढून पटियाळ्याला सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला गेलो. मोतीबाग राजवाड्यातली ही राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून चालू आहे. मे-जूनचं पंजाबातलं ऊन नागपूरवाल्याला नवं नव्हतं, अभ्यासक्रम मात्र होता. शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, मानसशास्त्र, वर्षभराच्या सरावाचं वेळापत्रक कसं पाडायचं, कधी भार वाढवायचा, कधी उतरवायचा. पण मला तिथे सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका प्रश्नाने. सरावपाठ म्हणून मी वीस मुलांची एक रांग लावून सुंदर ड्रिल घेतला. शिस्त, शिट्टी, सगळं झकास. मागे बसलेल्या अधिव्याख्यात्यांनी शांतपणे विचारलं, "एक बच्चा दस मिनट में कितनी बार बॉल छूता है?" मी हिशोब केला. एकेका मुलाला दहा सेकंद, म्हणजे वीस मुलांची फेरी दोनशे सेकंदांची. दहा मिनिटांत तीनदा. मूल घाम गाळून घरी जातं आणि त्याने बॉल तीनदा हातात घेतलेला असतो. तेव्हापासून माझ्या सरावात रांग दिसली तर ती पाणी प्यायचीच.

हौसेने शिकवायचं असेल तर सर्टिफिकेट पुरतं. भारतीय क्रीडा प्राधिकरणात कोचची जागा हवी असेल तर डिप्लोमा बघा. शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, प्रशिक्षक अभ्यासक्रमही अधूनमधून आपल्याकडे होतात, पहिली पातळी लवकर करून टाका. आणि एक फुकटचा अभ्यासक्रम आहे, तो मी केला नव्हता म्हणून तोंडावर आपटलो.

जिल्हा स्पर्धा, मुलींचा उपांत्य सामना, आम्ही पाच गुणांनी पुढे. शेवटची अडीच मिनिटं. समोरच्या संघाने प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगाला भिडून डिफेन्स सुरू केला, आणि आमच्या मुली गोंधळल्या. मी साइडलाइनवरून पंचांकडे बघून ओरडतोय, "टाइमआउट, सर, टाइमआउट!" पंचांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. फिबाच्या नियमात कोचने टेबलाकडे जाऊन टाइमआउट मागायचा असतो, पंचांकडे नाही. तेवढ्यात आमचे दोन पास गेले, चार गुण गेले. धावत टेबलाकडे गेलो. घड्याळात १:५२. माझ्या हिशोबाने उत्तरार्धातले तिन्ही टाइमआउट शिल्लक होते, कारण मी एकही घेतला नव्हता. स्कोअररने शीट माझ्याकडे फिरवली. तीन चौकटी, पहिलीत दोन आडव्या रेघा. "सर, शेवटची दोन मिनिटं लागायच्या आत एकही घेतला नाही ना, मग एक जातो. दोनच उरले." ती स्कोअरर कॉलेजातली मुलगी होती. तिला माहीत होतं, मला नव्हतं. दोन्ही घेऊनही आम्ही एका गुणाने हरलो.

पंधरा वर्षं बेंचवर बसून मी कोर्टवरचा प्रत्येक माणूस वाचला होता, पण शेजारच्या टेबलाकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे आता माझ्याकडे कोच व्हायचं म्हणून कुणी आलं की पहिला महिना मी शिट्टी देत नाही. स्कोअरशीट देतो. मग २४ सेकंदांचं घड्याळ चालवायला बसवतो. आक्रमणातल्या रिबाउंडनंतर ते चोवीसवर नाही, चौदावर आणायचं, हे दोन-चार शिव्या खाल्ल्या की कायमचं लक्षात राहतं.

लहान मुलांना शिकवणार असाल तर बॉलच्या आकाराबाबत हट्ट धरा. दहा वर्षांच्या पोराच्या हातात सात नंबरचा बॉल दिला की तो कमरेपासून ढकलतो, आणि ती ढकल पुढे पाच वर्षं जात नाही. त्यांच्यासाठी पाच नंबरचा बॉल असतो, मिनी बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटरवर नाही, २.६० वर असते. रिंग खाली करायची सोय बहुतेक ग्राउंडांवर नाही, तर निदान बॉल तरी छोटा घ्या. पालक म्हणतील, आमच्या मुलाला मोठ्या बॉलची सवय हवी. ऐकू नका.

पैशाचं राहिलं. शाळेतली कोचिंग बहुतेक तासावर असते, सुट्टी लागली की पैसे थांबतात. खासगी ॲकॅडमीत फीमध्ये हिस्सा. मला पहिल्या शाळेत महिन्याला सहा हजार मिळत होते आणि ते एप्रिल-मेमध्ये मिळत नव्हते. माझी नोकरी होती म्हणून चाललं. नोकरी नसेल तर दोन शाळा, सकाळची बॅच आणि उन्हाळी शिबिर असं मिळूनच महिना भरतो. मुंबईत नागपाड्याला बच्चू खान मैदानावर मी एकदा स्पर्धेसाठी गेलो होतो. अब्बास मुंतसिरसारखा अर्जुन पुरस्कार विजेता कर्णधार याच वस्तीने दिला. आमचा सामना संध्याकाळी होता. सकाळी पाहिलं तर जुने खेळाडू, काही पन्नाशीचे, कामावर जायच्या आधी गल्लीतल्या पोरांना शिकवत होते. पैशाची गोष्टच नव्हती. मला तेव्हा ते वेळ घालवणं वाटलं होतं. आज वाटतं, तिथे उभं राहून तासभर बघायला हवं होतं, शिव्या नेमक्या कुठे द्यायच्या आणि कुठे नाही एवढं जरी कळलं असतं तरी.

गेल्या वर्षी वहीत एक नवं नाव आलं, आणि ते माझं नाही. डिफेंडर बॉलच्या वाटेत हात घालायला पुढे सरकला की आपण पाठीमागून रिंगकडे निसटायचं, याला बॅकडोर म्हणतात. मी 'मागचं दार' म्हणून पाहिलं, पण लांब पडतं, धावताना तोंडात बसत नाही. आमच्या बेंचवर बसणारी एक मुलगी आहे, फारशी खेळत नाही, बडबड मात्र अखंड. ती म्हणाली, "सर, याले तर्री म्हणा ना. खाताना कळत नाही, मागून झोंबते." सगळ्या हसल्या आणि नाव चिकटलं.

पुण्यात राज्य स्पर्धेत तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही चार मिनिटांत तीन वेळा तर्री खेळलो, तिन्ही वेळा मोकळा लेअप. हाक बेंचवरून तीच मुलगी देत होती. सामना संपल्यावर समोरच्या संघाचे कोच हात मिळवायला आले. चांगले अनुभवी गृहस्थ, हातात माझ्यासारखीच वही. पेन उघडून म्हणाले, "ते तुमच्या मुली ओरडत होत्या ते 'तर्री', ते नेमकं काय?"

म्हटलं, "पोह्यांवर घेतात."